एका पेनीची भीती

२०१४ साली ‘पेनी ड्रेडफुल’ नावाची एक इंग्रजी मालिका टीव्हीवर आली आणि तीन वर्षं चालली. १८९१ सालचं लंडन, रस्त्यांवर धुकं, आणि त्यात डॉक्टर फ्रँकेनस्टाइन, डोरियन ग्रे, ‘ड्रॅक्युला’तली मिना असा सगळा मेळा एकत्र जमवलेला. मालिका छानच होती, अभिनेत्री इव्हा ग्रीनसाठी तर पुन्हा बघावी अशी. फक्त नाव चुकलं होतं. ‘फ्रँकेनस्टाइन’ १८१८ साली तीन खंडांत निघाली होती. डोरियन ग्रेची गोष्ट १८९० साली एका प्रतिष्ठित मासिकात आली. ‘ड्रॅक्युला’ १८९७ साली सहा शिलिंगांना विकली गेली, म्हणजे बहात्तर पेनींना. यातलं एकही पुस्तक पेनी ड्रेडफुल नव्हतं.

आज इंग्रजीत हा शब्द सरसकट वापरतात. जुन्या वळणाची, थोडी भडक, रक्ताळलेली कुठलीही भयकथा म्हणजे पेनी ड्रेडफुल. त्यात आता कौतुकही असतं. जुन्या गाण्यांच्या कॅसेटबद्दल बोलताना असतं तसं. शब्द जन्मला तेव्हा मात्र तो शिवी होता. आणि शिवीचा जोर ‘ड्रेडफुल’वर जेवढा होता, तेवढाच किंवा जरा जास्तच ‘पेनी’वर होता.

‘ड्रेडफुल’चा मूळ अर्थ धडकी भरवणारं. पण एकोणिसाव्या शतकापर्यंत हा शब्द झिजून झिजून पावसाला, सुपाला आणि शेजाऱ्याच्या पियानोलाही लावला जात होता. आपल्या ‘भयंकर’चं झालं तेच. ‘भयंकर डोकं दुखतंय’ म्हणणाऱ्याला कुणाची भीती वाटत नसते. त्यामुळे एखाद्या व्हिक्टोरियन गृहस्थाने चोपड्याला ‘ड्रेडफुल’ म्हटलं की एका दगडात दोन पक्षी मरत: हे भीतीचं लिखाण आहे, आणि हे अतिशय वाईट लिखाण आहे. त्यापुढे ‘पेनी’ जोडली की तिसरा पक्षी: हे गरिबांचं लिखाण आहे.

बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, असा तेव्हाचा हिशोब. नवी कोरी कादंबरी साधारणपणे तीन खंडांत निघायची आणि तिची किंमत ठरलेली असायची: साडेएकतीस शिलिंग. म्हणजे ३७८ पेनी. मजुराने तिच्याकडे पाहायचंही नाही. डिकन्सने १८३६ साली ‘पिक्विक’ महिन्याच्या हप्त्यांनी विकायला काढली ती एका शिलिंगाला एक हप्ता या भावाने, आणि त्या स्वस्ताईची केवढी वाहवा झाली. तरी तोही बारा पेनींचा मामला. वर्तमानपत्राची गत आणखी वाईट. १८३६पर्यंत प्रत्येक अंकावर चार पेनींचा सरकारी स्टँप होता. तो कमी करून एक पेनीवर आणला आणि १८५५ साली पूर्ण उठवला. पण हा कर बातमीवर होता, गोष्टीवर नव्हता. ज्याच्या खिशात एकच पेनी आहे त्याला देशात काय चाललंय हे वाचणं परवडत नव्हतं, पण पिशाच्च कुणाच्या मानेला चावलं हे परवडत होतं. वाफेवर चालणारे छापखाने आणि यंत्रावर तयार होणारा कागद यांनी उरलेलं काम केलं. वाचायला शिकवलं चर्चच्या रविवारच्या शाळांनी. मुलांनी बायबल वाचावं हा त्यांचा हेतू होता. मुलांनी ते वाचलं असेलही.

ही वस्तू हातात घेतली तर कशी दिसे? आठ पानं, दर पानावर दोन रकाने, अक्षर मुंगीएवढं. पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग लाकडी ठशावरून छापलेल्या चित्राचा: उघडी खिडकी, केस मोकळे सोडलेली तरुणी, सुरा. दर आठवड्याला एक हप्ता. आठवं पान भरलं की हप्ता संपला, मग वाक्य संपलेलं असो वा नसो. ‘तिने दार उघडलं आणि समोर’ इथे या आठवड्याचा कागद संपायचा, आणि ‘कोण उभं होतं पाहते तर’ हे पुढच्या आठवड्याच्या पहिल्या ओळीत. आज मालिकावाले ज्याला हुक म्हणतात तो इथे कित्येकदा कुणाच्या कल्पकतेतून आलेला नसायचा. कागद संपला म्हणून आलेला असायचा.

आणि एक हप्ता एकच माणूस वाचायचा असंही नव्हतं. पत्रकार हेन्री मेह्यूने लंडनच्या फेरीवाल्यांवर लिहिताना (त्याचे खंड १८५१ साली पुस्तकरूपाने निघाले) त्यांच्या वाचनाची मोठी गमतीशीर हकिकत दिली आहे. गाडीवर भाजी-फळं विकणाऱ्या या मंडळींतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी चाळीच्या चौकात ते जमत आणि ज्याला वाचता येतं तो मोठ्याने वाचून दाखवी. अंकावर चित्र असलं की ते कशाचं हे कळल्याशिवाय कुणी पुढे सरकू देत नसे. सरदार-उमरावांची फजिती आली की सगळे आरडाओरडा करून दाद देत. भिंती नसलेलं थेटरच ते.

या धंद्यातला सगळ्यात पक्का माणूस म्हणजे फ्लीट स्ट्रीटलगतच्या सॅलिस्बरी स्क्वेअरमधला प्रकाशक एडवर्ड लॉइड. सुरुवात त्याने उघड्या चोरीने केली. डिकन्सची ‘पिक्विक’ गाजतेय म्हटल्यावर याने ‘पेनी पिक्विक’ काढली. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ आली की याचा ‘ऑलिव्हर ट्विस’ तयार. डिकन्स तेव्हा ‘बॉझ’ या टोपणनावाने लिहायचा, म्हणून लॉइडचा लेखक ‘बॉस’. डिकन्सचे प्रकाशक कोर्टात गेले, पण हाती काही लागलं नाही. लॉइडच्या कारखान्याच्या दोन आठवणी मला फार आवडतात. त्याच्याकडे आलेलं हस्तलिखित चालेल की नाही याची शंका आली, तर ते घरातल्या नोकराच्या किंवा यंत्रावरच्या पोऱ्याच्या हवाली करत. त्याला आवडलं की छापायचं. टॉमस फ्रॉस्ट या लेखकाने ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. दुसरी आठवण जॉर्ज ऑगस्टस साला या पत्रकाराची. तरुणपणी तो अशा चोपड्यांसाठी चित्रं काढायचा, तेव्हा वरून निरोप यायचा तो एवढाच की डोळे मोठे हवेत आणि रक्त जास्त हवं, बरंच जास्त. हसू येतं खरं. पण आपला वाचक कोण हे ज्याला इतकं नेमकं ठाऊक आहे, असे प्रकाशक आजही फार नाहीत. याच लॉइडच्या साप्ताहिक वर्तमानपत्राने पुढे दहा लाख प्रतींचा टप्पा गाठला. ब्रिटनमधल्या कुठल्याही वर्तमानपत्राने त्याआधी तो गाठला नव्हता.

लॉइडच्याच छापखान्यातून १८४५ ते १८४७ या काळात ‘व्हार्नी द व्हँपायर’ आली. लेखक जेम्स माल्कम रायमर. पण अंकावर लेखकाचं नाव नसल्याने पुढे कित्येक वर्षं ती टॉमस प्रेस्ट या दुसऱ्याच लेखकाच्या नावावर खपत होती. प्रकरणं दोनशेहून अधिक. सुरुवातच बघा: मध्यरात्र, गारांचा मारा, जुन्या वाड्यातल्या खोलीत झोपलेली मुलगी जागी होते. खिडकीच्या काचेवर टकटक आवाज. गारा असतील, असं ती स्वतःला समजावते. वीज चमकते आणि बाहेर उंच, सडपातळ आकृती दिसते. काचेवर वाजतायत ती तिची लांब नखं. मग एक तावदान फुटतं आणि आत हात येऊन कडी काढतो. मानेवर दातांच्या दोन खुणा, सुळे, नजरेने जखडून टाकणं, हे सगळं इथे आहे, ‘ड्रॅक्युला’च्या पन्नास वर्षं आधी. आणि त्याहून मजेची गोष्ट: व्हार्नीला स्वतःचा वीट आलेला आहे. त्याला मरायचं असतं, पण प्रेतावर चांदणं पडलं की तो पुन्हा जिवंत होतो. शेवटी तो व्हेसुव्हियस ज्वालामुखीत उडी घेतो, कारण तिथून राखसुद्धा परत येणार नाही. आजच्या कादंबऱ्यांतले खिन्न, पश्चात्तापदग्ध व्हँपायर या पेनीवाल्याचे वारस आहेत.

लिखाण मात्र ओढूनताणून लांबवलेलं. या लेखकांना ओळींवर, पानांवर पैसे मिळत. साहजिकच पात्रं एकमेकांशी अशी बोलत:

‘तू?’

‘मी.’

‘इथे?’

‘इथेच.’

चार ओळी झाल्या, चार ओळींचे पैसे झाले. खप असेपर्यंत गोष्ट संपवायची नाही आणि खप पडला की दोन हप्त्यांत गुंडाळायची, हा नियम. म्हणून व्हार्नी मधेच खरा पिशाच्च असतो, मधेच नुसता लबाड माणूस वाटतो, आणि गोष्ट नक्की कुठल्या शतकात घडतेय हे लेखकही विसरतो. गल्लाभरू लिखाणाचे सगळे दोष त्यात आहेत. तरी गारांची ती रात्र विसरता येत नाही.

गल्ल्याच्या बाबतीत व्हार्नीपेक्षाही वरचढ ठरला तो फ्लीट स्ट्रीटवरचा न्हावी स्वीनी टॉड. १८४६च्या नोव्हेंबरपासून १८४७च्या मार्चपर्यंत अठरा हप्त्यांत तो लॉइडच्या एका साप्ताहिकात आला. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक खुर्चीसकट तळघरात जातं आणि शेजारच्या दुकानात त्याचं मांस भरलेल्या पेस्ट्री विकायला येतात. गोष्ट इतकी चढली की ती छापून पूर्ण व्हायच्या आत तिचं नाटक रंगभूमीवर आलं. १९७९ साली स्टीफन सोंडहाइमने तिचं संगीत नाटक केलं आणि २००७ साली टिम बर्टनने त्याचा चित्रपट. टॉड खरोखर होऊन गेला असं मानणारे लोक आजही भेटतात. तसा कुठलाही पुरावा नाही. तर या गोष्टीचं मूळ नाव काय होतं? ‘द स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’, मोत्यांची माळ, आणि खाली छापलेलं: ‘अ रोमान्स’. कुठल्याही प्रकाशकाने आपल्या अंकावर ‘ड्रेडफुल’ छापलं नाही. ते नाव बाहेरून आलं, न वाचणाऱ्यांकडून.

आणि ते उशिरा आलं. व्हार्नीच्या काळात लोक अशा अंकांना ‘पेनी ब्लड’ म्हणत, म्हणजे पेनीचं रक्त. त्यात तुच्छता होती, पण वस्तूचं वर्णनही होतं. ‘पेनी ड्रेडफुल’ रूढ झालं ते १८६०-७०च्या सुमाराला, जेव्हा मोठ्यांनी हे वाचणं बऱ्यापैकी सोडून दिलं आणि वाचक उरली पोरंटोरं. गोष्टीही बदलल्या. पिशाच्चं मागे पडली; दरोडेखोर, चाचे, लंडनच्या गटारांत राहणारी मुलांची टोळी पुढे आली. डिक टर्पिन या दरोडेखोराची ‘ब्लॅक बेस’ २५४ हप्ते चालली. यातल्या कितीतरी अंकांत भीतीचा पत्ताही नव्हता. तरी नाव ड्रेडफुलच. आता भीती वाचणाऱ्याला वाटत नव्हती. वाचणारा पोरगा पाहून बापाला, मास्तरांना आणि मॅजिस्ट्रेटला वाटत होती. १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि मजुरांची लाखो मुलं वाचायला लागली तेव्हा तर ही धास्ती आणखी वाढली. १८७७ साली ‘वाइल्ड बॉइज ऑफ लंडन’चे अंक पोलिसांनी जप्त केले. किरकोळ चोरी करताना पोर सापडलं की त्याच्या खिशात काय सापडलं हेही वर्तमानपत्रं छापायला लागली.

या सगळ्याचा कळस १८९५च्या जुलैत झाला. पूर्व लंडनमधल्या प्लेस्टो भागात रॉबर्ट कूम्ब्स या तेरा वर्षांच्या मुलाने आपल्या आईचा भोसकून खून केला. वडील जहाजावर नोकरीला, समुद्रात होते. त्याच दिवशी रॉबर्ट आणि त्याचा बारा वर्षांचा भाऊ लॉर्ड्सवर क्रिकेट बघायला गेले, डब्ल्यू. जी. ग्रेस खेळत होता. आई लिव्हरपूलला गेलीय असं शेजाऱ्यांना सांगून, घरातल्या वस्तू गहाण टाकून ते दहा दिवस त्याच घरात राहिले. उन्हाळ्याचे दिवस. शेवटी वास आणि नातेवाइकांचा संशय यांनी प्रकरण उघडकीला आलं. घरात पेनी ड्रेडफुलांचा गठ्ठा मिळाला आणि वर्तमानपत्रांना आरोपी मिळाला. मृत्यूच्या चौकशीला बसलेल्या ज्युरीने तर असं साहित्य बंद करावं अशी शिफारसही निकालासोबत जोडली. कोर्टात डॉक्टरांनी मुलाच्या डोकेदुखीबद्दल, जन्माच्या वेळी चिमट्याने झालेल्या खुणांबद्दल सांगितलं होतं. त्याला ‘दोषी, पण वेडाच्या भरात’ ठरवून ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. सतरा वर्षांनी तो सुटला, ऑस्ट्रेलियाला गेला, आणि १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेत होता. शौर्याचं पदकही त्याला मिळालं. केट समरस्केल यांच्या ‘द विकेड बॉय’ या २०१६च्या पुस्तकात ही सगळी हकिकत आहे. पोराला बिघडवलं तर चोपड्यांनी, असं म्हणणाऱ्यांनी त्याला सुधारलं कुणी हे विचारायची तसदी घेतली नाही.

लेखक चेस्टरटनने मात्र १९०१ साली या चोपड्यांची बाजू घेतली. त्याचं म्हणणं साधं होतं. या गोष्टींत शूर तो शूर, भेकड तो भेकड, आणि शत्रूलाही दया दाखवायची; धोकादायक कल्पना बघायच्या असतील तर सुशिक्षितांच्या टेबलावरच्या गंभीर कादंबऱ्या उघडा. चेस्टरटनला उलटं बोलायची खोड होती, पण इथे तो बरोबर होता. तोवर धंद्याचा निकाल दुसऱ्याच माणसाने लावला होता. पुढे ‘डेली मेल’ काढणाऱ्या आल्फ्रेड हार्म्सवर्थने १८९३पासून अर्ध्या पेनीची ‘स्वच्छ’ मासिकं बाजारात आणली, ती ड्रेडफुलांचा नायनाट करण्याच्या घोषणेसह. लेखक ए. ए. मिल्नचा त्यावरचा टोला प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की पेनीचं भयानक हार्म्सवर्थनेच संपवलं, पण त्यासाठी अर्ध्या पेनीत त्याहून भयानक काढून.

भीतीच्या गोष्टींना त्यांच्या किमतीवरून नावं ठेवायची ही खोड पेनीपुरती थांबली नाही. स्टीव्हन्सनची ‘जेकिल अँड हाइड’ १८८६ साली एका शिलिंगाला निघाली आणि तिच्या जातीला ‘शिलिंग शॉकर’ म्हणू लागले. अमेरिकेत दहा सेंटच्या नाण्यावरून ‘डाइम नॉव्हेल’. नाणी स्वस्त झाली तेव्हा कागदावरून ‘पल्प’. साडेएकतीस शिलिंगांची भुतं असलेली पुस्तकंही होती. त्यांना किमतीवरून कुणी नाव दिलं नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा कुठल्या कुठल्या वाचनालयांत हातोहात फिरत होत्या, त्यांच्याबद्दलही समीक्षेत जे मौन आहे ते याच जातीचं.

आणि आपल्याकडचा आणखी एक धागा आहे, तो जास्त जुना. पेनीच्या लेखकांत सगळ्यात मोठा होता जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. त्याची ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ १८४४पासून आठवड्याला एक पेनी या दराने निघाली. तळघरं, प्रेतचोर, व्यसनी सरदार आणि त्यांच्या ऐषारामाचा हिशोब, असं सगळं तिच्यात होतं. रेनॉल्ड्स राजकारणात चार्टिस्ट, गरिबांना मतदानाचा हक्क मागणारा. १८४८ साली ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या सभेचा तो अध्यक्ष होता. डिकन्सला त्याचा मनापासून तिटकारा. इंग्लंडच्या साहित्येतिहासात आज त्याला तळटिपेत जागा मिळते.

भारतात चित्र उलटं होतं. प्रिया जोशी यांनी एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय वाचनालयांच्या याद्या चाळून ‘इन अनदर कंट्री’ (२००२) हे पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं ते हे की इथल्या वाचकाचा लाडका इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स होता. त्याची भाषांतरं हिंदी, उर्दू, बंगाली, मराठी अशा अनेक भाषांत झाली. कारण उघड आहे. समुद्र ओलांडून आला तो बांधीव पुस्तकाच्या रूपात, कपाटात स्कॉटच्या शेजारी बसला. आठ पानांचा तो मळका अंक, ते मुंगीएवढं अक्षर, मधेच तुटणारं वाक्य, आणि मुख्य म्हणजे ती पेनी, हे सगळं लंडनलाच राहिलं. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला त्याच्याकडे बघून नाक मुरडायचं कारणच नव्हतं. इंग्रजी पुस्तक ते इंग्रजी पुस्तक.

त्या वाचकांतला एक हरि नारायण आपटे. १८८५ साली त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ आली, ती रेनॉल्ड्सच्या ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’वरून बेतलेली. मराठीत सामाजिक कादंबरीची सुरुवात ज्या पुस्तकापाशी अनेकदा सांगितली जाते, ते हे. आपट्यांनी त्यात पुण्याचा इंग्रजी शिकलेला, व्यसनांत गुरफटलेला पांढरपेशा वर्ग आणला. लंडनची तळघरं त्यांना लागली नाहीत. पण शहराच्या पोटात शिरून झाकलेलं बाहेर काढायचं, ही नजर रेनॉल्ड्सचीच. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि पुढे त्यांच्या कितीतरी कादंबऱ्या तिथून क्रमशः आल्या. पुढचा अंक कधी येतो याची वाट बघणारे त्यांच्याही वाट्याला आले.